पेन्शनची सोय झाली, दिवसाची राहिली

नाशिकमध्ये राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी असलेल्या एका गृहस्थांनी विचारले आहे : "मला साठ वर्षे पूर्ण होण्यास सव्वीस महिने उरले आहेत. पेन्शन, भविष्यनिर्वाह निधी, आरोग्य विमा आणि राहते घर यांची व्यवस्था झाली आहे. मुलगा बेंगळुरूला आणि मुलगी पुण्यात असते. राजापूर तालुक्यात वडिलोपार्जित घर आहे आणि तिकडे जाऊन राहावे असे मनात आहे. पत्नी मात्र विचारते, 'दिवसभर घरी बसून तुम्ही करणार काय?' या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. पैशाव्यतिरिक्त नेमकी कोणती तयारी करावी?"

सव्वीस महिने हातात असताना आपण हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला, कारण बहुतेक जण तो निरोप समारंभाची शाल कपाटात गेल्यानंतर विचारतात. मी बारा वर्षे पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्यात कल्याण अधिकारी होते आणि त्यानंतरची सतरा वर्षे निवृत्तीला आलेल्या कर्मचाऱ्यांसाठी, शक्य होईल तेव्हा त्यांच्या जोडीदारांसह, शिबिरे घेत आले आहे. या सर्व काळात मला जी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली ती आधीच सांगते, कारण पुढचे सगळे उत्तर तिच्यावर उभे आहे. निवृत्तीनंतर अगदी नवे असे फारसे काही सुरू होत नाही. नोकरीत असतानाच लहान प्रमाणात जे सुरू झालेले असते, तेच पुढे वाढते. 'रिटायर झाल्यावर शिकू' म्हणून आणून ठेवलेली हार्मोनियमची पेटी रिटायर झाल्यावरही बहुधा बंदच राहते. मात्र ज्याने चोपन्नाव्या वर्षी आठवड्यातून एक दिवस शिकवणी लावली, तो साठाव्या वर्षी रोज दोन तास वाजवतो.

आपल्याजवळ त्यासाठी वेळ आहे. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. सव्वीस महिन्यांत असे बावन्न शनिवार येतील. त्यांतले काही लग्नकार्यांत, काही आजारपणात, काही मार्चअखेरीस जातील, पण चाळीस तरी नक्की उरतील. मी जे सुचवणार आहे ते जवळजवळ सगळे या चाळीस शनिवारांत बसते.

पगार थांबला की त्याची काही भरपाई पेन्शन करते. नोकरी पगाराखेरीज आणखी जे देत असते त्याची भरपाई मात्र आपोआप होत नाही, आणि ते इतके अंगवळणी पडलेले असते की आपल्याला ते मिळत होते हेच मुळी ते थांबल्यावर कळते. सकाळी घराबाहेर पडण्याचे कारण, महिन्याची अखेर आणि वर्षाचा मार्च, रोज भेटणारी पण आपण निवडलेली नसलेली माणसे, रविवारला रविवारपण देणारे बाकीचे सहा दिवस, हे सगळे त्यात येते. त्यातही सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आपल्याला कोणीतरी विचारणे. शाखेत दिवसभरात कितीतरी वेळा कोणीतरी आपल्याला काहीतरी विचारत असते. ही सही चालेल का, हे कर्ज बसेल का, लॉकरची किल्ली हरवली तर पुढे काय करायचे. त्या वेळी आपल्याला त्याचा त्रास होतो, परंतु अशा प्रत्येक प्रश्नात 'हे तुम्हाला ठाऊक आहे' अशी एक कबुली असते, आणि पस्तीस वर्षे रोज मिळत आलेली ती कबुली एका संध्याकाळी एकदम थांबते. फोन वाजत नाही, हे माणसे मला सांगतात तेव्हा त्यांचे दुःख या थांबण्याचे असते.

म्हणून येत्या सोमवारपासून पंधरा दिवस खिशात एक लहान वही ठेवा आणि दिवसभरात आपल्याला कोणी काय विचारले ते एकेका ओळीत लिहा. पंधरवडा संपला की त्यातले जे प्रश्न केवळ खुर्चीमुळे आले होते, म्हणजे उद्या आपल्या जागी दुसरा अधिकारी बसला तर त्यालाच विचारले जातील, त्यांवर काट मारा. जे उरतील ते आपले स्वतःचे असतात. एका कारखान्यातील भांडारपालांनी ही वही लिहिली तेव्हा उरलेल्या ओळींपैकी निम्म्या ओळी अर्ज लिहून देण्याच्या होत्या. शाळाप्रवेशाचा अर्ज, रेशनकार्डावरील नाव बदलण्याचा अर्ज, विधवा बहिणीच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज, असे बरेच काही. आपल्याला सोप्या भाषेत नेमके लिहिता येते ही गोष्ट त्यांनी कधी गुणांत धरलीच नव्हती. निवृत्तीला वर्ष असताना त्यांनी आपल्या वस्तीतील वाचनालयात रविवारी दोन तास बसून अर्ज लिहून द्यायला सुरुवात केली आणि निवृत्तीनंतर त्या दोन तासांचे आठवड्यातील चार सकाळी झाले. आपल्या वहीत काय उरेल हे मला सांगता येणार नाही, पण पंधरा दिवसांनंतर ती कोरी राहिल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ऍचली यांनी १९७६ मध्ये निवृत्तीच्या टप्प्यांची एक मांडणी केली. तीत सुरुवातीला मधुचंद्रासारखा काळ, मग भ्रमनिरास, मग घडी नव्याने बसवणे आणि त्यानंतर स्थैर्य असा क्रम येतो. हे टप्पे प्रत्येकाला येतातच असे नाही आणि याच क्रमाने येतात असेही नाही. तरी आमच्याकडची माणसे पाहता पहिले तीन-चार महिने खरोखरच चांगले जातात. राहिलेली यात्रा होते, दातांची रखडलेली कामे होतात, घराला रंग लागतो, नातेवाइकांकडे चार दिवस मोकळेपणी राहणे होते. मग ही यादी संपते आणि एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून झालेले असताना, पुढे काय करायचे हे कळत नाही. तो मंगळवार आला म्हणजे आपले काही चुकले असे समजू नये. मात्र त्या मंगळवारच्या आधीच आठवड्यातील दोन दिवस ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी, आपली वाट पाहणाऱ्या कोणाकडे तरी जाण्याचे बांधून घेतलेले असेल, तर तो पुष्कळ सोपा जातो.

आता आपल्या पत्नींच्या प्रश्नाकडे येते. माझ्या मते आपण जे लिहिले आहे त्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्यांचे आहे. 'दिवसभर घरी बसून तुम्ही करणार काय?' हा प्रश्न आपल्या दिवसाबद्दल आहे तितकाच त्यांच्या दिवसाबद्दलही आहे. सकाळी आपला डबा भरून दिल्यापासून संध्याकाळी आपण परत येईपर्यंतचे घर इतकी वर्षे त्यांचे राहिले आहे. त्या वेळेत त्यांची कामे आहेत, पण त्यांची विश्रांतीही आहे. बहिणीशी निवांत फोनवर बोलणे, भिशी, भजनी मंडळ, दुपारी पंखा लावून पडून राहणे आणि कोणी काही न विचारणे हे सगळे त्यातच येते. आपल्याला वाटते की आपण आपल्याच घरी परतणार आहोत. प्रत्यक्षात दुपारी दोन वाजताच्या त्या घरात आपण प्रथमच राहायला जाणार आहात.

शिबिरात मी पतीला आणि पत्नीला वेगवेगळ्या खोल्यांत बसवते आणि निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी येणारा एक साधा बुधवार सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत कागदावर लिहायला सांगते. सणवार नको, प्रवास नको, पाहुणे नकोत. नंतर कागदांची अदलाबदल होते. पतीच्या कागदावर बहुधा अकराचा चहा असतो, एक वाजता गरम जेवण असते, चार वाजता पुन्हा चहा आणि 'दोघांनी मिळून फिरायला जाणे' असते. पत्नीच्या कागदावर अकरा वाजता त्या घरात नसतातच. एका बाईंच्या कागदावर सर्वांत ठळक अक्षरांत लिहिले होते, 'दोन ते चार, कोणी बोलू नये.' ते वाचून त्यांचे यजमान बराच वेळ गप्प बसले, कारण दुपारी घर आपल्या एकटीचे असावे ही तिची गरज तीस वर्षांत त्यांना कधी कळलीच नव्हती, आणि कळण्याची वेळही आली नव्हती. या दोन कागदांतील अंतर निवृत्तीच्या आधी दिसले तर त्यावर बोलता येते. नंतर तेच अंतर चहा, टीव्हीचा आवाज आणि भाजीचे भाव यांवरून होणाऱ्या रोजच्या कुरबुरीतून बाहेर पडते आणि मुळात भांडण कशावरून आहे हेच कोणाला कळत नाही.

शाखा चालवलेल्या माणसाला शाखा सुटल्यावर घर ही दुसरी शाखा वाटू लागते, आणि हे चांगल्या हेतूने होते म्हणूनच अवघड असते. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावणे, फ्रिजमधील वस्तूंची पाहणी करणे, दुधाचा हिशेब नव्याने लिहायला काढणे, कामाला येणाऱ्या बाईंच्या वेळेची नोंद ठेवणे हे सगळे मी अनेक घरांतून ऐकले आहे. त्यापेक्षा घरातील एखादे काम संपूर्णपणे आपल्याकडे घ्यावे. 'मदत करतो' असे म्हणू नये, कारण मदतीत काय करायचे हे दुसऱ्यालाच लक्षात ठेवावे लागते. रात्रीचे जेवण आपले असे ठरले, तर घरात भाजी कोणती आहे हे पाहण्यापासून कुकर लावण्यापर्यंत आणि शेवटी ओटा पुसण्यापर्यंत सगळे आपले, आणि त्यात मीठ कमी पडले तर तेही आपले. आपल्याला स्वयंपाक येत नसेल तर बावन्नपैकी दहा शनिवार त्यासाठी द्या. वरण-भात, दोन-तीन भाज्या, खिचडी आणि पोळी किंवा भाकरी एवढे यायला दहा शनिवार पुरतात.

यामागे आणखी एक कारण आहे. लिहायला ते जड आहे, तरी मी ते प्रत्येक शिबिरात सांगते. दोघांपैकी एकजण मागे राहणार आहे. स्वतःपुरता चहादेखील न येणारा सत्तरीचा विधुर आणि बँकेत एकटीने कधीही न गेलेली, कोणता विमा कुठे आहे हे माहीत नसलेली विधवा, या दोघांचेही हाल मी जवळून पाहिले आहेत. दुःख टळत नाही, परंतु त्या दुःखात भर घालणारी ही लाचारी टाळता येते. आपण स्वयंपाक शिकत असताना त्यांनी विजेचे बिल, सोसायटीची वर्गणी, गॅसची नोंदणी आणि मोबाइलवरील बँकेचे व्यवहार आपल्या हातात घ्यावेत. आपण बँकेतले असल्यामुळे ते आपणच करून टाकण्याची सवय असेल, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आपल्या शाखेत निवृत्तीला आलेल्या स्त्री सहकारी असतील तर त्यांच्याबाबतीत गोष्ट वेगळी असते, हेही येथे नोंदवते. त्या एका नोकरीतून निवृत्त होतात, घराच्या कामातून कोणी त्यांना निवृत्त करत नाही, आणि 'आता आई मोकळी झाली' असे म्हणून नातवंडांची पूर्ण वेळाची जबाबदारी न विचारता त्यांच्याकडे येते. नातवंडांचा लळा हे मोठे सुख आहे. तरीही आठवड्यातील किती दिवस आणि दिवसातील किती तास, हे मुलाशी आणि सुनेशी किंवा लेकीशी आधी स्पष्ट बोलून घेतलेल्या आजीचा लळा अधिक काळ टिकतो, हे मी खात्रीने सांगू शकते.

राजापूरच्या घराविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण कोकणात परतण्याचे स्वप्न ऐकले नाही असे एकही शिबिर मला आठवत नाही. आपण ते घर बहुधा गणपतीत आणि मे महिन्यात पाहत आला आहात. त्या वेळी घर भरलेले असते, वाडीत माणसे असतात, शेजारच्या बंद घरांनाही दिवे लागलेले असतात. निवृत्तीनंतर राहायचे मात्र जुलैमध्ये असते, जेव्हा दिवसचे दिवस पाऊस थांबत नाही, वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसतो, भिंतींना ओल येते आणि अणुस्कुरा घाटात दरड कोसळली तर कोल्हापूरचा रस्ता बंद पडतो. ते फेब्रुवारीतही असते, जेव्हा वाडीतील निम्म्या घरांना कुलूप असते आणि संध्याकाळी सातनंतर बोलायला कोणी नसते. म्हणून नाशिकचे घर विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा विचार करण्याआधी रजा काढून एकदा जुलैमध्ये आणि एकदा फेब्रुवारीत, प्रत्येक वेळी किमान पंधरा दिवस, आपण दोघांनी तेथे राहून पाहावे. रात्री अकरा वाजता छातीत दुखू लागले तर कोणाची गाडी येईल आणि कोणत्या रुग्णालयात किती वेळात पोहोचता येईल, हे त्या पंधरा दिवसांत प्रत्यक्ष जाऊन पाहावे. आपल्या पत्नींचे त्या वाडीत कोण आहे, हेही मोकळेपणी विचारावे. ते गाव आपल्या बालपणाचे आहे. त्यांचे ते सासर आहे आणि तेथे त्यांच्या वाट्याला आलेल्या आठवणी निराळ्या असू शकतात. दोन्ही ऋतू राहून झाल्यावरही जावेसे वाटले तर अवश्य जा. वर्षातील चार महिने तेथे आणि आठ महिने नाशिकला अशी विभागणी करून समाधानाने राहणारी अनेक जोडपी माझ्या परिचयात आहेत.

मैत्रीच्या बाबतीत बँकेतील माणसांची एक विशेष अडचण असते. दर तीन-चार वर्षांनी होणाऱ्या बदल्यांमुळे ओळखी अमाप होतात, पण शेजार मुरत नाही. ज्या गावात आपण निवृत्त होतो ते गाव कित्येकदा फक्त शेवटच्या बदलीचे असते. शाखेतील सहकाऱ्यांचे प्रेम खोटे नसते, पण ते एका छताखाली रोज भेटण्याने टिकलेले असते. ते छत सुटल्यावर भेटी कमी झाल्या तर त्यांना दोष देऊ नये. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून माणसांच्या संपूर्ण आयुष्याचा पाठपुरावा करणारा एक अभ्यास सुरू आहे, आणि उतारवयातील स्वास्थ्याशी जिव्हाळ्याच्या नात्यांचा फार जवळचा संबंध आहे हा त्याचा एक ठळक निष्कर्ष आहे. परंतु साठीत नवा मित्र जोडणे पंचविशीइतके सोपे नसते आणि ते एका चहात होत नाही. एकाच ठिकाणी, एकाच वेळी, त्याच माणसांत वर्षभर सातत्याने जात राहिले तरच ओळखीची मैत्री होते. ते ठिकाण ज्येष्ठ नागरिक संघ असेल, सकाळी फिरणाऱ्यांचा गट असेल, गाण्याचा वर्ग असेल किंवा मोडी लिपीचा वर्ग असेल. बँकेत सह्या पडताळण्यात आयुष्य घालवलेल्या लोकांना मोडी फार लवकर वाचता येऊ लागते असा माझा अनुभव आहे, आणि मोडी जाणणाऱ्यांची गरज जुने कागद बाळगणाऱ्या कितीतरी घरांना आणि संस्थांना आहे. ज्या कट्ट्यावर फक्त आजार आणि राजकारण यांचीच चर्चा चालते तेथून थोडा वेळ बसून उठावे. आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असलेले दोन-तीन स्नेही मात्र आवर्जून जोडावेत, कारण पुढे समवयस्कांची संख्या घटत जाते.

सामाजिक काम करायची इच्छा असेल, आणि आपल्या पिढीतील बहुतेकांना ती असते, तर माझी एकच अट आहे. तेथे पद घेऊन जाऊ नये. निवृत्त अधिकारी संस्थेत येतात ते विश्वस्त किंवा सल्लागार होण्याच्या अपेक्षेने, आणि संस्थेला त्या वेळी हवा असतो तो पावत्या नीट लावणारा किंवा मुलांना पाढे शिकवणारा माणूस. निवृत्तीच्या आधीच महिन्यातून एक शनिवार एखाद्या संस्थेत जाऊन तेथील सर्वांत साधे काम मागून घ्यावे. बचत गटातील बायकांना खातेवही लिहायला शिकवणे, दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणे, सार्वजनिक वाचनालयाची नोंदवही नीट करणे यांसारखी कामे आपल्याला सहज जमतील. वर्षभरात संस्था आपल्याला ओळखते, आपण संस्थेला ओळखता, आणि न जमल्यास दोन्हीकडून सन्मानाने थांबता येते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, पण बहुतेकदा त्यातील महत्त्वाचा भाग सुटतो. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते १९१४ मध्ये निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. तेव्हा त्यांचे वय ५८ होते. आज महाराष्ट्र शासनाचे बहुसंख्य कर्मचारी ज्या वयात निवृत्त होतात तेच हे वय. एवढे ऐकून लोक थक्क होतात किंवा 'ते महापुरुष होते' म्हणून विषय सोडून देतात. पण त्यांच्या अनाथ बालिकाश्रमाची सुरुवात १८९६ मधली आहे. म्हणजे गणित शिकवण्याची नोकरी सांभाळून ते काम निवृत्तीपूर्वी अठरा वर्षे चालू होते. विद्यापीठ साठीच्या उंबरठ्यावर उभे राहिले खरे, परंतु त्याचा पाया अडतिसाव्या वर्षी पडला होता. पुढे १९४४ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी समता संघ स्थापन केला. आपल्यापैकी कोणाला विद्यापीठ काढायचे नाही. निवृत्तीच्या दिवशी हातात आधीपासून चालू असलेले काहीतरी असावे, एवढेच त्या आयुष्यातून आपल्याला घेता येण्यासारखे आहे.

शरीराविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते सांगणारे पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, दोन किंवा अधिक दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. आमच्याकडे पहिली गोष्ट, म्हणजे चालणे, होते. उरलेल्या दोन जवळजवळ कोणीच करत नाही, आणि पुढे न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडते तेव्हा त्यांची आठवण होते. दुसरे सांगायचे ते कानांबद्दल. चष्मा लावायला कोणी लाजत नाही, श्रवणयंत्राला मात्र वर्षानुवर्षे नकार दिला जातो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे जोखीम घटक सांगितले त्यांत ऐकू कमी येणे आहे आणि सामाजिक एकाकीपणही आहे. हे दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात, कारण नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस चारचौघांत जाणे सोडतो. निवृत्तीआधी कानांची तपासणी करून घ्या आणि यंत्राची गरज असेल तर शाखेत असतानाच ते वापरायला सुरुवात करा, म्हणजे सवय होईपर्यंतचा अवघड काळ माणसांत जाईल.

कागदपत्रांपैकी मृत्युपत्र आपण केले असेलच असे गृहीत धरते. त्याच्याच जोडीला अखेरच्या आजारपणात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत याविषयीचे आगाऊ वैद्यकीय निर्देशही लिहून ठेवावेत असे मी सुचवीन. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये त्यांना मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येतात. कागदापेक्षाही त्यानिमित्ताने मुलांशी होणारे बोलणे मोलाचे असते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहून 'बाबांना काय हवे होते' यावर बेंगळुरू आणि पुणे यांच्यात मतभेद व्हावेत, अशी वेळ कोणत्याही भावंडांवर येऊ नये.

मनाच्या बाबतीत एक सावधगिरी सांगणे मला कर्तव्य वाटते. नवी घडी बसेपर्यंतची बेचैनी स्वाभाविक आहे, परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा संध्याकाळचा पेला दुपारपर्यंत अलीकडे आला असेल, तर ते निवृत्तीचे साधे पडसाद समजून थांबू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइनचा १४५६७ हा क्रमांक आहे. अधिकारपदावर राहिलेल्या पुरुषांना मदत मागणे सर्वांत जड जाते, म्हणून हे दोन्ही क्रमांक पत्नींच्या आणि मुलांच्या फोनमध्येही असू द्यावेत.

शेवटच्या महिन्यांत आपल्यानंतर येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी एक वही लिहावी. नियम परिपत्रकांत असतात, ते त्यात नकोत. कोणत्या शेतकऱ्याचे कर्ज द्राक्षाच्या हंगामानंतर नेमाने फिटते, कोणत्या वृद्ध खातेदाराला हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरमध्ये घरी जाऊन भेटावे लागते, अशा गोष्टी लिहाव्यात. आपल्याला काय काय ठाऊक होते हे त्या लिहिण्याने आपल्यालाच दिसते आणि ते कोणाच्या तरी हाती सोपवल्याचे समाधान मिळते. त्यानंतर पहिले सहा महिने, स्वतःचे बँकेचे काम असल्याखेरीज, शाखेत जाऊ नये. नवा माणूस बसलेल्या खुर्चीकडे पाहणे दोघांनाही अवघड जाते.

सुरुवात कोठून करावी असे आपण विचाराल, तर येत्या दुसऱ्या शनिवारी सकाळचा चहा झाल्यावर दोन कोरे कागद घ्यावेत. एक आपल्या पत्नींना द्यावा, एक स्वतःकडे ठेवावा, दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून निवृत्तीनंतरचा तो साधा बुधवार लिहावा, आणि अदलाबदल झाल्यावर आधी त्यांचा कागद मोठ्याने वाचावा.